लंगड्या माशाची थरथर

बोगुमिला श्पिर्का आमच्या गावातल्या माणसांना जबड्यावरून ओळखायची. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तिथे बसून तिने उभी हयात कवळ्या केल्या. माझी खालची कवळीही तिच्याच हातची. बाजारात समोरून कुणी आलं की तिची नजर आधी ओठांकडे जायची, नमस्कार नंतर. "डावीकडे टोचतंय ना? सोमवारी या, घासून देते." सगळे तिला बोगुशा म्हणत. उंच, हाडकुळी बाई, केस स्वतःच कापलेले. नवरा मारियान शिकागोला घरांची छपरं घालायला गेला तो तिकडचाच झाला. पहिली काही वर्षं नाताळला पार्सल यायचं, मग तेही थांबलं. याबद्दल तिने कधी गळा काढला नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "छपरं फार आहेत म्हणे तिकडे."

सुट्टीच्या दिवशी ती धरणावर असायची. कायाक घेऊन एकटीच मासेमारीला जाणारी बाई आमच्याकडे ती एकच. गळाला लावायचे लाकडी मासेही ती स्वतः करायची. लिपा नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचा बोटभर मासा, आत शेपटीपर्यंत तार, पोटात शिशाचा थेंब, हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची जीभ. ओढला की ती जीभ पाण्याला अडते आणि मासा थरथरत खाली जातो. सगळी करामत त्या थरथरीत असते. कल्ल्यांना रंग म्हणून ती कवळीच्या हिरडीचं गुलाबी ॲक्रिलिक लावायची. त्यावरून गावात थट्टा व्हायची.

"बोगुशाबाई, या माशाला माझ्या सासूची हिरडी लावलीत की काय?"

"तुमच्या सासूची लावली असती तर धरणातले मासे पळून गेले असते," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

तिचे वडील विन्त्सेंती धरणाची भिंत बांधायला आले आणि भिंत झाल्यावर इथेच राहिले. त्या काळी दुकानात गळाला लावायला चमच्याच्या आकाराच्या पितळी पत्र्यांपलीकडे काही मिळत नसे, म्हणून ते हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून लाकडी मासे कोरायचे. चॉकलेटचा चंदेरी कागद माशावर चिकटवायचे, त्यावर जाळीचा तुकडा दाबून खवले उठवायचे, वरून लाखेचे थर द्यायचे. लाखेच्या वासाने आई डोकं धरून बसायची.

मुलं दोन. लुत्सियान, घरचा लुत्सेक, मोठा, बोगुशा धाकटी. लुत्सेक लहान असताना एकदा धक्क्यावरून घसरला आणि वडिलांच्या कापडी कायाकखाली अडकला. पलीकडून बाहेर येईपर्यंत त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तेव्हापासून होडी म्हटलं की त्याचे ओठ पांढरे पडायचे. वडिलांनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी सरळ वाटणी करून टाकली: लाकूडकामाला लुत्सेक, पाण्यावर बोगुशा. तो स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर पॉलिशपेपरने मासे घासायचा. ती रविवारी चर्चमधून आल्यावर कायाकमध्ये पुढे बसायची. वडिलांचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले, म्हणून गळाची काठी तिच्या हातात. मागे लांब कुठेतरी लाकडी मासा पाण्याखाली चालायचा आणि त्याची थरथर तंगुसातून, काठीतून तिच्या मनगटात यायची.

एका हिवाळ्यात केलेला एक मासा वेगळा निघाला. तो सरळ चालायचाच नाही. थोडा डावीकडे झुकायचा, अडखळायचा, जणू पाय मुरगळलाय, आणि पुन्हा सरळ व्हायचा. वडिलांनी त्याचं नाव ठेवलं लंगडा. धरणातल्या श्चुपाक माशांना, म्हणजे त्या लांब तोंडाच्या, कुत्र्यासारखे दात असलेल्या दरोडेखोरांना लंगडा दिसला की राहवत नसे. वडिलांनी पुढे कितीतरी हिवाळे तसाच दुसरा करायचा प्रयत्न केला. जमला नाही. शेवटी ते म्हणायचे, एकदा झालं ते झालं.

वडील गेले तेव्हा लुत्सेक पलीकडच्या किनाऱ्यावर राहत होता. सोवी कोंत नावाची एक निवांत खोबण आहे तिकडे. तिथे बायकोच्या, स्तेफाच्या, जमिनीवर त्याने तळलेल्या माशांची टपरी टाकली होती. होड्याही भाड्याने द्यायचे, पण होड्यांचं सगळं स्तेफा बघायची. हा पिठात हात घालून कढईपाशी. वडिलांची लाकडी माशांची पेटी त्याच्याकडे आली. मरणानंतरच्या आठवड्यात बोगुशा तिकडे गेली, तो सामान आणायला दुकानात गेला होता, तिने पेटी उघडून लंगडा खिशात टाकला. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याखालच्या जुन्या ओल्शा झाडांच्या खुंटांजवळ तिने तो ओढायला सुरुवात केली. तो खुंटात अडकला. तिने चारी बाजूंनी ओढून पाहिलं. तंगूस तुटलं.

तिने स्वतः जाऊन भावाला सांगितलं. लुत्सेक तेव्हा कोबीची पिंपं लावत होता. तो म्हणाला, "आम्ही बाबांना एकदा पुरलं. तू दोनदा पुरलंस."

त्याने उरलेले सगळे मासे टपरीच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकून टाकले, पुन्हा कुणी पाण्यात घालवू नयेत म्हणून. बोगुशाने ते ऐकलं आणि दवाखान्यातल्या नर्सजवळ म्हणाली, "बापाला खिळ्यावर टांगलंय त्यानं. पोहायच्या वस्तू त्या." हे बोलणं अर्थातच धरण ओलांडून पलीकडे गेलं. मग दोघांमधलं बोलणं थांबलं, आणि थांबलेलंच राहिलं. एक नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या दिवशी, कबरीवर ती सकाळी जायची, तो दुपारी. तिच्या दिव्यांशेजारी त्याची शेवंती असायची, एवढाच काय तो संबंध. स्तेफा कधी बाजारात भेटली तर दोघी हवामानावर बोलायच्या.

बोगुशाने चाकू हातात घेतला तो त्यानंतर. तोवर तिने एकही मासा कोरला नव्हता. सुरुवातीचे सगळे पाण्यात आडवे पडले. काही गरगर फिरून तंगुसाला पीळ घालायचे. पण हात कवळ्यांवर तयार झालेले, साचा, मेण, बारीक ड्रिल सगळं समोर, त्यामुळे दोनेक वर्षांत तिचे मासे दुकानातल्यांपेक्षा चांगले चालू लागले. लांबून माणसं मागायला यायची, ती द्यायची. तिला स्वतःला मात्र लंगडाच हवा होता. त्याचा आकार तिला नीट आठवत नव्हता. कोरण्याच्या वेळी ती कधी जवळ नसायची. तिच्याकडे फक्त मनगटातली ती आठवण होती. नवा मासा झाला की ती तो पाण्यात सोडायची, काठीची मूठ मांडीखाली दाबून वल्हवायची आणि वाट बघायची. थरथर यायची, पण ती नव्हे. मग परत घरी, परत चाकू. अशी किती वर्षं गेली ते तिनेही मोजलं नाही. तोवर तिच्याकडे कापडीच्या जागी प्लास्टिकची कायाक आली होती आणि डोक्याचे केस पांढरे झाले होते.

त्या वर्षी सप्टेंबर संपत आला होता. पाणी अजून पार थंड झालं नव्हतं, पण होड्यांची गर्दी ओसरली होती. वारा भिंतीकडून होता. बोगुशाने नवा मासा सोडला, आणि थोड्या वेळाने वल्ही थांबवली. तिने नंतर सांगितलं की त्या दिवशी मांडीखाली जे आलं ते जवळजवळ तेच होतं. अडखळ होती. फक्त अडखळल्यावर सरळ व्हायला तो थोडा उशीर करत होता.

तिने पुन्हा वल्हवलं, खात्री करायला. तेवढ्यात कायाक जागच्या जागी थबकली.

खुंट, असं तिला वाटलं. पण खुंट चालत नाही. काठी वाकली, रीळ कण्हायला लागलं, कायाकचं नाक हळूहळू वळलं आणि ती वाऱ्याच्या उलट दिशेने निघाली. सुम मासा होता. मिशांचा, काळ्या पाठीचा, धरणाच्या तळाशी म्हातारा होत बसलेला. असा मासा झटके देत नाही, ओढत नेतो. बेटाच्या कडेने तिची वरात गेली. शिडाच्या होडीतल्या दोघांनी हात हलवले, त्यांना वाटलं बाई मजेत चालली आहे.

बेट मागे पडलं तेव्हा तिला कळलं की आपण सोवी कोंतकडे चाललोय. तिथे तिने इतकी वर्षं कायाक नेली नव्हती. जॅकेटला सुरी लटकत होती, तिने मुठीवर हातही ठेवला. "तिकडे जायचं नव्हतं," ती म्हणायची. "पण मासा जवळजवळ बरोबर झाला होता. तो सुमाच्या तोंडात कसा सोडू?"

टपरीबाहेरच्या बाकांवर दुपारचे जेवणारे होते. मोटारसायकलवाले, शहरातलं एक जोडपं, शाळेतून निवृत्त झालेले दोन शिक्षक. ते उठून काठावर आले. लुत्सेक ॲप्रन पुसत बाहेर आला आणि त्याला दिसलं की कायाकमध्ये बहीण आहे.

"बोगुशा! काप ते तंगूस!" तो ओरडला.

"तू गप!" ती ओरडली. इतक्या वर्षांनंतर एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द.

उथळ पाण्यात सुम दमला. तो वर आला आणि कायाकच्या बाजूला लाकडासारखा पडून राहिला. बोगुशा हातमोजा घालून त्याच्या जबड्यात हात घालायला वाकली. त्याने एकदाच अंग फिरवलं. लाकडी माशाच्या शेपटीकडे एक तिहेरी गळ असतो, तो मोकळा होता. तो तिच्या जॅकेटच्या बाहीत घुसला. कायाक उलटली. आता बाई पाण्यात, आणि तिचा उजवा हात सुमाला टाचलेला. तरंगायचं जॅकेट तिला वर धरत होतं, मासा खाली खेचत होता. डोकं एकदा पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

एका मोटारसायकलवाल्याने बूट काढायला घेतले. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत नाड्यांचे होते. तोवर लुत्सेक ॲप्रनसकट, हातात मासे सोलायची सुरी तशीच धरून, भाड्याच्या होडीत जाऊन बसलाही होता.

त्याला वल्हवता येत नव्हतं. एक वल्हं खोल जायचं, दुसरं हवेत. होडी स्वतःभोवती फिरली. धक्क्यावरून स्तेफा किंचाळत होती, "मागे ढकल, लुत्सेक! मागे! अरे, दोन्ही हातांनी!" जोडप्यातल्या नवऱ्याने मोबाईलवर हे सगळं टिपलंय, पण त्यात लुत्सेकची पाठ आणि गोल फिरणारी होडी एवढंच दिसतं. त्याचा चेहरा कसा होता ते फक्त बोगुशाने पाहिलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तो पोहोचला. तिची कॉलर धरली.

"काप!" ती म्हणाली.

"काय कापू?"

"बाही, मेल्या, बाही! तंगूस नको!"

त्याने बाही कापली. हात सुटला. तिने होडीची कड पकडली. तिला वर घेणं त्याला शक्य नव्हतं. तो होडीच्या मधोमध बसून दोन्ही कडा घट्ट धरून होता.

"मी उठणार नाही हां," तो म्हणाला. "तुझं तू बघ काय ते."

"नको उठूस. बसून राहा."

ती पाय मारत राहिली, वाऱ्याने थोडी मदत केली, आणि होडी, बहीण, उलटी कायाक आणि कायाकला दोरीने बांधलेली काठी असा सगळा लवाजमा काठाशी आला. काठीच्या दुसऱ्या टोकाला सुम अजून होता.

कमरेइतक्या पाण्यात दोघं उभी राहिली. लुत्सेकला उभं राहायला थोडा वेळ लागला. बोगुशाने तंगूस हाताने ओढत मासा जवळ आणला. तो लुत्सेकपेक्षा लांब होता. काठावरून सल्ले यायला लागले, धरा, दोरी घाला, दगड घाला डोक्यात. लुत्सेक खाली वाकला. त्याने सुमाकडे पाहिलंच नाही, त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेला लाकडी मासा पाहिला.

"पोट चुकलंय," तो म्हणाला.

"काय?"

"पोट. चुकलंय."

"ते नंतर बघू. याला आधी सोडायचंय."

"सोडायचा? वेडी आहेस का? हा धुरात घातला तर आठवडाभर पुरेल."

"मासा माझा आहे."

"होडी माझी आहे."

"मी होडीत होते का? लोंबकळत होते!"

शिक्षकांपैकी एक जण मोठ्याने हसला. लुत्सेक गळ काढायला जबड्यात हात घालत होता. काढून मग काय करणार होता ते त्यालाच ठाऊक. सुमाने तेवढ्यात शेवटचं अंग झटकलं. गळाचं टोक सरळ झालं, पाणी गढूळ झालं, आणि लाकडी मासा लुत्सेकच्या अंगठ्यात अडकून तिथेच राहिला. गढूळ निवळलं तेव्हा समोर काही नव्हतं.

टपरीच्या आतल्या खोलीत स्तेफाने बोगुशाला आपला लोकरीचा स्वेटर दिला, पेल्यात लिंबाचा चहा दिला आणि दार लावून घेतलं. पुढचं आम्हाला तिच्याकडूनच कळलं. बोगुशाने पक्कड मागितली. गळ अंगठ्यात उलट काट्यापर्यंत गेला होता. तो मागे ओढून निघत नाही. पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं आणि कापायचं. तिने भावाचा हात मेजावर ठेवला.

"पोट चुकलंय म्हणजे काय?" तिने विचारलं.

"तो डाव्या बाजूनं खाल्लेला होता. लंगडा. डावं पोट लाखेखाली खरवडल्यासारखं आत गेलेलं. तू दोन्हीकडे सारखं केलंयस, आणि लंगडेपणा जिभेतून आणायला बघतेयस. कवळ्यांची सवय तुझी."

"बाबांनी डावीकडून कमी केलं होतं?"

लुत्सेकने मोकळ्या हाताने चहाचा पेला बाजूला सारला.

"बाबांनी नाही. मी."

"तू?"

"रेडिओवर बर्फावरच्या उड्यांची स्पर्धा चालली होती. ऐकता ऐकता एकाच बाजूनं घासत बसलो. बघतो तर गेलं पोट. मग त्यात लाख भरून झाकलं. उजेड कमी होता, बाबांनी रंगवून टाकला."

"आणि त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. रविवारी तुम्ही दोघं हे एवढे मासे घेऊन आलात, आणि बाबा नाचायचेच काय ते बाकी होते. मग कसं सांगू? म्हटलं, नंतर. मग ते दरवर्षी तसाच दुसरा करायला बसायचे आणि मला म्हणायचे, सारखं घास, लुत्सेक, दोन्हीकडून सारखं. आणि मी सारखं घासायचो."

बोगुशाने गळ पुढे ढकलला. तो ओरडला. "हलू नकोस," ती म्हणाली आणि टोक कापलं.

"म्हणजे तो तुझा होता," ती पक्कड खाली ठेवत म्हणाली.

"माझी चूक होती ती. पण माझी तेवढी एकच चूक लोकांना आवडली."

"आणि मी ती घालवली."

"हो."

स्तेफाला वाटलं आता दोघं गळ्यात पडून रडतील, म्हणून ती उठून कढईकडे जाऊ लागली. तसं काही झालं नाही. बोगुशाने लाकडी मासा पुसला, त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घासून दाखव."

"आत्ता? या अंगठ्यानं?"

"मग केव्हा?"

त्या हिवाळ्यात टपरी बंद असताना लुत्सेक दर आठवड्याला बस पकडून दवाखान्याच्या मागच्या खोलीत यायला लागला. रुग्ण गेले की ती प्लास्टर बाजूला सारायची. ती कोरायची, तो घासायचा. बोलणं बहुतेक भांडणाचंच.

"जास्त गेलं."

"नाही गेलं."

"तू बघितलास का तो पाण्यात कधी?"

"आणि तू बघितलास का तो टेबलावर कधी?"

एप्रिलमध्ये बर्फ गेलं. ती एकेक मासा घेऊन पाण्यात जायची, तो काठावर टोपी डोळ्यांवर ओढून उभा असायचा. परत येताना ती लांबूनच नाही म्हणून मान हलवायची. एक फार जवळ आला होता, पण तो लंगडत नव्हता, उचकी लागल्यासारखा चालायचा. त्याचं नाव उचकीच पडलं, आणि आमच्याकडचे अर्धे लोक आजही सांडाच नावाचे मासे पकडायला उचकी वापरतात. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आणखी केले. पुढच्या वसंतातही मान हललीच.

मग एक दिवस ती कायाक काठाला लावून तशीच बसून राहिली.

"काय झालं?" लुत्सेकने विचारलं.

"तेव्हा माझं मनगट केवढंसं होतं. तेवढ्याशा मनगटात जे हललं ते मी आता या मनगटात शोधतेय. खरा लंगडा जरी आज परत मिळाला तरी मला कळेल कशावरून?"

"हे आधी का नाही बोललीस? दोन हिवाळे घासतोय मी."

"आत्ता सुचलं."

त्यानंतर त्यांनी लंगडा करायचं सोडून दिलं. मासे करायचं मात्र सोडलं नाही.

त्याच मे महिन्यात लुत्सेक आपणहून म्हणाला की त्याला एकदा बघायचंय. काय ते बोगुशाने विचारलं नाही. तिने कुणाची तरी दोन माणसांची कायाक आणली. त्याने दोन जॅकेटं चढवली, एकावर एक. पाण्याला हालचाल नव्हती. तो पुढे बसला, डोळे मिटलेले, कडा धरून. ती मागे बसून वल्हवत होती. बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली, "एक हात सोड. काठी धर."

त्याने एक हात सोडला. काठी धरली. उचकीच लावली होती. तंगूस ताणलं आणि थरथर सुरू झाली. स्तेफा धक्क्यावरून बघत होती. तिला फक्त त्याची मान थोडी वर झालेली दिसली.

"दरवेळी असं येतं?" तो म्हणाला.

"प्रत्येकाचं वेगळं."

"आणि बाबांना हे कळायचं?"

"त्यांच्या हातात वल्ही असायची. काठी माझ्याकडे."

त्याने काठी थोडी वर उचलून धरली. मग म्हणाला, "चल आता परत, होडी लागली मला." तिने कायाक वळवली. काठावर उतरल्यावर तो ओकला, तोंड धुतलं, चरबी लावलेल्या पावाचे दोन तुकडे कांद्याबरोबर खाल्ले आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी बटाटे सोलायला बसला. त्यानंतर तो पुन्हा पाण्यावर गेला नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

आता दोघंही पिकली आहेत. बोगुशाने दवाखाना सोडला. तिच्या जागी आलेला मुलगा कवळ्या यंत्रावर करतो, त्या बऱ्या बसतात. या वसंतात तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी शरद ऋतूपर्यंत वल्ह्याला हात लावू नका म्हणून बजावलं. घरी बसून करमेना, म्हणून ती रोज पलीकडे जाऊन लुत्सेकच्या टपरीत काउंटरमागे बसते. गिऱ्हाईक मेनू वाचत असतं तेव्हा ती त्याचा जबडा बघत असते. परवा एका माणसाने तळलेला श्चुपाक मागितला. ती त्याला म्हणाली, "तुमच्या वरच्या कवळीला काटे झेपायचे नाहीत, तुम्ही सूप घ्या." माणूस उठून गेला. लुत्सेक पिठाचे हात वर करून आतून ओरडला, "बोगुशा, तो तिसरा! माझा धंदा बसवशील तू!" ती म्हणाली, "सूप चांगलं झालं असतं तर बसला असता." स्तेफाने दोघांनाही गप्प केलं आणि पुढच्या माणसाला काय हवं ते विचारलं.